मोऱ्याला वाट ठाऊक होती

आमच्या घरात घड्याळ नव्हतं, आणि बाजारच्या दिवशी त्याची गरजही नव्हती. दिवस कलला की मी आणि आत्या कान लावून बसायचो. ओढ्याच्या वळणाला उतार आहे, तिथं आमच्या बैलांची घुंगरं दाट वाजायची. मग चढ लागला की आवाज सावकाश व्हायचा, आणि तेवढ्या वेळात आत्या भाकरीचा तवा चढवायची, मी फाटकाची आडवी बल्ली काढून ठेवायचो. गाडी आपसूक अंगणात शिरायची आणि आपसूक गोठ्यासमोर उभी राहायची. आत रिकाम्या पोत्यांवर आबा गाढ झोपलेले. फेटा उशाला, कासरा सैल सोडलेला, आणि अंगाला गुळाच्या दारूचा तो आंबूस वास. पौडच्या बाजारापासून घोटावड्यावरून आमच्या रिह्याच्या खोऱ्यापर्यंत एवढी वाट, पण गाडीला कुणी हाकलेलं नसायचं. बैल सोडून त्यांच्यापुढं पेंढा टाकणं माझं काम होतं, आणि आबांच्या मुठीतून गुडीशेवेच्या खाऊचा पुडा सोडवून घेणंही माझंच. पुडा ते दर बाजारी आणायचे. स्वतःच्या हातानं ते तो मला कधी द्यायचे नाहीत, मी झोपलेल्या माणसाची बोटं उलगडून घ्यायचो.

आत्या म्हणजे आबांची थोरली बहीण, नवरा गेल्यावर माहेरी आलेली. माझी आई मी सात वर्षांचा असताना गेली. त्यानंतर घरात आम्ही तिघं. बैल धरले तर पाच, आणि ते धरायलाच हवेत, कारण घरातलं निम्मं बोलणं त्यांच्याशीच व्हायचं. मोऱ्या डाव्या अंगाला जुंपायचा, हरण्या उजव्या. आबा त्यांच्याशी सकाळपासून बोलायचे. "का रं मोऱ्या, रुसला का? खा की. काल लई वढलंस व्हय?" मोऱ्यानं शेजारच्या भातात तोंड घातलं तर त्याला आई-बापावरून शिव्या घालायचे, आणि मग त्याच हातानं त्याची मान खाजवायचे. मी गोठ्याच्या दारात उभा राहून ऐकायचो. मला ते वाईट कधी बोलले नाहीत, हात तर लावलाच नाही. चांगलंही बोलले नाहीत. "जेवला का", "पानी बघ", "बल्ली लाव", बस, एवढ्यात आमचं बाप-लेकाचं बोलणं आटपायचं. मी शाळा सोडली त्या दिवशी घाबरत घाबरत जाऊन सांगितलं, तर म्हणाले, "बरं." मी रात्रभर त्या "बरं"चा अर्थ लावत बसलो. आता सत्तरी उलटून गेली तरी सांगतो, त्यात काही अर्थ नव्हता. एका माणसाची बायको गेली होती आणि तिच्याबरोबर त्याचं माणसांशी बोलणं गेलं होतं, एवढंच.

आत्या कधी कुरकुरली की गावातलं कुणीतरी म्हणायचंच, "अगं यमुना, कशाला घोर लावून घेतीस? बैलांना वाट ठावी हाय." ते खरंच होतं. आमच्या खोऱ्यात प्यालेला माणूस गाडीतून पडून मेला, असं मी ऐकलं नव्हतं. दारूबंदीचे दिवस होते, पण घोटावड्याच्या अलीकडं माळावर करवंदीच्या जाळ्यांमागं भट्टी लागायची, आणि बाजारातून परतणाऱ्या गाड्या तिथं आपोआप थांबायच्या. आपोआप म्हणजे बैलच थांबायचे, त्यांना तीही वाट ठाऊक झाली होती. प्यायची, आडवं व्हायचं, डोळे उघडायचे ते अंगणात. आम्हा पोरांना वाटायचं, दारू पिऊन घरी येण्याची हीच रीत आहे.

माझा मामा घोटावड्याला राहायचा. त्याचा दुधाचा धंदा होता. लढाईत वापरलेली एक जीप त्यानं लिलावातून आणली होती. तिला दारं नव्हती, टप फाटका होता, आणि हॉर्न असा की म्हशी दावं तोडायच्या. मी सोळा-सतरा वर्षांचा, मिसरूड नुकतं फुटलेलं. मामानं मला आणि माझ्या मामेभावाला, गणपाला, ती चालवायला शिकवली. लायसन वगैरे त्या काळी आमच्याकडं विचारतंय कोण! सकाळी मामा स्वतः पुण्याला दूध घालून यायचा, आणि दुपारी रिकाम्या कॅना खोऱ्यातल्या गावांना परत पोचवायचं काम आम्हा दोघांचं. जीप माझ्या हातात आली आणि मी दोन बोटं उंच झालो. आबांना दिसावी म्हणून आमच्या बांधावरून उगाच एक फेरी मारायचो. आबा मान वर करून बघायचे आणि पुन्हा खाली वाकायचे.

मामाच्या घरी एक गोष्ट रोज व्हायची. गणपा बाहेरून आला की मामा उंबऱ्यात उभा असायचा. "हिकडं ये. हा कर." गणपानं तोंड उघडून मामाच्या नाकासमोर श्वास सोडायचा. एकदा विडीचा वास आला, तर मामानं त्याला दावणीच्या ओल्या दोरानं असा फोडला की मामी मधे पडली. गणपा दोन दिवस पालथा झोपला. मी मागोमाग उंबऱ्यात येऊन उभा राहायचो, मला वाटायचं मामा मलाही म्हणेल, हा कर. पण मामा माझ्या डोक्यावरून हात फिरवून आत जायचा. आमच्याकडं भाच्याला मारत नाहीत. मामानं भाच्याला मारलं तर म्हातारपणी मामाचे हात कापतात, असं म्हणतात, आणि मामाचा यावर पक्का विश्वास. म्हणजे घरी मारणारा बाप नाही आणि मामाला मनाई. गणपाच्या पाठीवरचे वळ बघून मला त्याचा हेवा वाटायचा. खोटं कशाला सांगू, लई हेवा वाटायचा. आपण कुठं गेलो, काय प्यालो, कधी आलो, याची कुणालातरी इतकी पडलेली असावी की त्यानं आपल्याला झोडपून काढावं, एवढंच मला त्या वयात हवं होतं.

पहिला घोट मला आबांनीच दिला. खळ्यावर मळणी झाली की म्हसोबाला कोंबडा आणि दारूची धार द्यायची रीत होती. धार देऊन झाली, आबांनी वाटी तोंडाला लावली, आणि उरलेली माझ्याकडं न बघताच माझ्यापुढं धरली. मी प्यालो. घसा भाजला, डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवशी मी फार खूश होतो. मला वाटलं, आबांनी मला काहीतरी सांगितलं. त्यानंतर जीप घेऊन जाताना मी भट्टीवर थांबू लागलो. भट्टीवाला म्हणायचा, "आबाचाच ना तू? मग घे की." आत्याला वास यायचा. ती आबांसमोर ताट आपटून म्हणायची, "ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण न्हाई पण गुण लागला. बोल की पोराला कायतरी!" आबा भाकरी मोडायचे. मी ताटावर बसून वाट बघायचो. आता बोलतील, आता तरी बोलतील. ते पाणी प्यायचे आणि गोठ्यात जायचे.

एका बाजारच्या दिवशीची गोष्ट. मळण्या उरकल्या होत्या, उन्हं चांगली होती, रस्ता कोरडा. दुपारी मी आणि गणपा कॅना घेऊन निघालो. माळावर मी जीप थांबवली, जाळीमागं गेलो आणि दोन वाट्या घेतल्या, मग तिसरी. चौथी गणपापुढं धरली. तो मागं सरकला. "नगं बाबा. बा हा करायला लावतोय."

"मला कोण लावतंय?" मी म्हणालो आणि तीही पिऊन टाकली.

गणपानं माझ्याकडं बघितलं. "दत्त्या, किल्ली दे. मी चालवतो."

"का? मला वाट ठावी न्हाई व्हय?"

"तुला ठावी हाय. जीपला न्हाई."

मी हसलो. तो जीपमध्ये चढला नाही. म्हणाला, "मी चालत जातो आन् बाला सांगतो," आणि खरंच घोटावड्याच्या वाटेला लागला. पुढं तीस वर्षं मी ट्रक चालवला, घाट उतरलो, देशभर फिरलो, पण गाडी चालवण्याबद्दल याच्याहून शहाणं वाक्य मला कुणी ऐकवलं नाही. सोळा वर्षांचं पोरगं, आणि त्याला ते कळत होतं, कारण घरी उंबऱ्यात कुणीतरी उभं होतं.

मी एकटाच निघालो. डोकं हलकं झालं होतं, वारा तोंडावर येत होता, मागं रिकाम्या कॅना खणखणत होत्या. मला आठवतं, मी स्टिअरिंगवरचा एक हात काढून मांडीवर ठेवला होता. अगदी आबांच्या कासऱ्यासारखा, सैल. ओढ्याच्या उतारावर आलो तर पुढं आमचीच गाडी. मागून मला आबांचे पाय दिसत होते, आडवे, एकावर एक ठेवलेले. मी हॉर्न दाबला. आता मागून कुणी आलं की डावीकडं सरायचं, हे आबांनीच बैलांना शिकवलं होतं, आणि हे मला झोपेतही माहीत होतं. मोऱ्यानं हॉर्न ऐकला आणि शहाण्यासारखं डावीकडं घेतलं. मीही डावीकडंच घेतलं. का घेतलं, ते आजतागायत मला सांगता येत नाही. ब्रेकवर पाय गेला तोवर जीप गाडीचं डावं चाक घासत पुढं गेली होती आणि तिचं नाक मोऱ्याच्या मागच्या पायावर बसलं होतं.

गाडी एका चाकावर कलली आणि आबा रस्त्यावर पडले. कॅना उतारावरून गडगडत ओढ्यात गेल्या, त्यांचा आवाज कितीतरी वेळ येत राहिला. आबा उठले. कोपर फुटलं होतं, बाकी काही नाही. ते माझ्याकडं आले नाहीत. मोऱ्याजवळ गेले, जू काढलं, त्याचं डोकं मांडीवर घेऊन धुळीत बसले. मोऱ्याचा पाय गुडघ्याच्या वर मोडून लोंबत होता. तो ओरडला नाही, नुसता धापा टाकत होता. "काय न्हाई रं राजा, काय न्हाई. हाय मी," आबा म्हणत होते. मी शेजारी उभा. माझी सगळी उतरली होती. गाडीतला आसूड मी उचलला आणि आबांपुढं धरला. "मारा मला, आबा." त्यांनी आसूड घेतला, क्षणभर हातात धरला, आणि बाजूला ठेवून दिला.

बऱ्याच वेळानं मामा आणि गणपा धावत आले. गणपानं घरी जाऊन सांगितल्याबरोबर मामा अनवाणी निघाला होता. त्यानं मोऱ्याकडं बघितलं, जीपकडं बघितलं, माझ्याजवळ आला. "हा कर," म्हणाला. मी तोंड उघडलं. त्यानं मला दोन मुस्काटात ठेवून दिल्या, अशा की कान वाजला. मी धाय मोकलून रडलो. एव्हाना जमलेल्या लोकांना वाटलं, लागलं म्हणून रडतोय. मग मामा आबांकडं वळला. "दाजी, तुमच्यापायी बैल शाना झाला. आन् ह्या पोराला कुनी शाना करायचा? म्हसोबानं?" आबा मोऱ्याच्या मानेवरची धूळ झटकत राहिले.

म्हातारपणी मामाचे हात खरंच कापायचे. बशीतला चहा धोतरावर सांडला की म्हणायचा, "ह्यातला अर्धा गुडघेदुखीचा, आन् अर्धा तुज्या त्या दोन मुस्काटांचा." आणि हसायचा. मी त्याची बशी धरायचो.

मोऱ्या तीन दिवस जगला. आबा गोठ्यातून हलले नाहीत. आत्या पेज करून न्यायची, ती ते मोऱ्याला भरवायचे. माझ्याशी बोलले नाहीत, पण रागावून बोलले नाहीत असंही नाही, नेहमीसारखंच नाही बोलले. ते मला फार लागलं. बैल मारला, तरीही मी त्यांच्या रागाच्या लायकीचा नव्हतो. आम्ही त्याला खालच्या बांधाला पुरला. खड्ड्यात घालायचं मीठ मी डोक्यावर वाहून नेलं. जीपला त्यानंतर मी बरेच दिवस हात लावला नाही, दारूला तर कायमचाच नाही. पण ते आबांना कुठं माहीत होतं? त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

मोऱ्याच्या जागी नवा बैल आला आणि आबा पुन्हा बाजारला जाऊ लागले. पहिल्याच बाजारच्या दिवशी आम्ही कान लावून बसलो आणि घुंगरं वाजलीच नाहीत. आत्याचा तवा तापून लाल झाला. मी पळत गेलो. ओढ्याच्या वळणावर गाडी उभी, जिथं मोऱ्या पडला होता अगदी तिथंच. हरण्या मान खाली घालून उभा होता, एक पाऊल टाकायला तयार नव्हता, आणि आबा आत पोत्यांवर पडलेले, वास येणारे. मी हरण्याच्या वेसणीला धरलं, त्याच्याशी काय बोलावं कळेना, म्हणून आबांचं वाक्य म्हणालो, "काय न्हाई रं राजा." तो चालला. गाडी मी वेसण धरून पुढं चालत घरी आणली. पुढच्या बाजारी तेच. त्याच्या पुढच्या बाजारीही तेच. मग मी कान लावून बसणं सोडलं आणि उन्हं उतरली की आधीच वळणावर जाऊन बसू लागलो. त्या दिवसांत माझ्याशी कुणी बोलायचं नाही. गणपा टाळायचा, गावातली माणसं बैलमाऱ्या म्हणायची. मी दगडावर बसायचो, ओढ्यात अडकलेली एक चेपलेली कॅन दिसायची, ती बघत राहायचो. आता त्या वळणावर एका फार्महाऊसचं लोखंडी फाटक आहे. शनिवारी शहरातून गाड्या येतात, रविवारी सकाळी मी फिरायला जातो तेव्हा रस्त्यावर बाटल्यांच्या काचा असतात. मी काठीनं त्या बाजूला सारतो. कुणाची पोरं, कुणास ठाऊक. त्यांच्या उंबऱ्यात कोण उभं असेल, एवढाच विचार मनात येतो.

असे कितीतरी बाजार गेले. एकदा मला उशीर झाला. वळणावर पोचलो तर गाडी उभी होती. आबा नेहमीसारखे आडवे, डोळे मिटलेले. मी वेसणीला हात घालणार, तेवढ्यात माझं लक्ष कासऱ्याकडं गेलं. कासरा सैल नव्हता. आबांच्या मुठीला दोन वेढे घेऊन ताणलेला होता, आणि हरण्या मान ओढून पुढं जायला बघत होता. मी गाडीत चढलो, त्यांच्या तोंडाशी वाकलो आणि हुंगलं. तंबाखूचा वास होता, घामाचा होता. दुसरा कसलाच नव्हता.

"काय हुंगतोस रं?" आबा डोळे न उघडता म्हणाले.

मी दचकून मागं झालो. "काय न्हाई."

"पिलो न्हाई मी. चार बाजार झालं."

"मंग हरण्या..."

"हरण्या कवाच चालाय लागलाय. मी धरून ठिवतो त्याला."

"कशापायी?"

ते उठून बसले. फेटा मांडीवर घेतला, त्याची घडी घातली, मोडली. एवढा वेळ गेला की नवा बैल खाली बसायच्या बेतात आला. "तू येतोस म्हून," ते म्हणाले. "घरी गेलं की तू तिकडं, मी हिकडं. हितनं घरापतूर तरी तू म्होरं असतोस."

मी खाली उतरायला लागलो, तर त्यांनी दंडाला धरलं. "बस. हा कर."

मी त्यांच्याकडं बघत राहिलो.

"बहिरा हायस का? तोंड उघड. हा कर."

मी केलं. त्यांनी तोंड जवळ आणलं, दाढीचे खुंट माझ्या हनुवटीला लागले, आणि त्यांनी सावकाश श्वास ओढला. मग आणखी एकदा. "ज्या दिशी वास यील," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज मोऱ्याला शिव्या घालतानाचा होता, "त्या दिशी तंगडं मोडून हातात दीन. ध्येनात ठिव. बैल गेला, दुसरा घावला. तुला म्या कुटनं आनू?"

माझ्या दोन्ही पोरांची तोंडं मी अशीच हुंगली, पार त्यांची लग्नं होईपर्यंत. धाकट्याला ते कधी आवडलं नाही, आजही फोनवर कामापुरतंच बोलतो. बोलेना का. तो रोज गाडी चालवत घरी येतो आणि धड येतो.

मी आबांच्या शेजारी बसलो. त्यांनी कासऱ्याचे वेढे सोडले, हरण्याला नावानं हाक मारली आणि गाडी चालायला लागली. चढ संपेपर्यंत आबा जागे होते. पोत्यांवर पडलेला गुडीशेवेचा पुडा त्यांनी माझ्या मांडीवर ठेवला. आत्यानं बल्ली काढून ठेवली होती. एकाशेजारी एक बसलेले आम्ही दोघं तिनं बघितले आणि हातातला कंदील वर धरला.

"आज गाडी कुनी आनली रं?" तिनं विचारलं. "बैलांनी का ह्या पोरानं?"

"म्या आनली," आबा म्हणाले.